मोटारीतून भाऊबीजेला

भावाच्या दारात येईन तर स्वतःच्या मोटारीतून, असं मी रागाच्या भरात बोलून गेले आणि त्यापायी तीन भाऊबीजा घालवल्या. दादा एवढंच म्हणाला होता, "आमचं पाव्हणं दुसऱ्याच्या मोटारी पुसत्यात, आपल्या मोटारीत बसणार कवा?" थट्टाच ती, पण मला मिरच्या झोंबल्या. मी मुळातच तापट. हे मात्र नुसते हसले होते.

हे दापोडीत एका गॅरेजात मेकॅनिक होते. कुणा शेटजींनी भंगारात काढलेली मोटार यांनी आणली आणि दोन वर्षं रोज संध्याकाळी तिच्या बॉनेटखाली डोकं घालून बसले. एकोणीसशे पन्नास सालानंतरचे ते दिवस; आमच्या गल्लीत साधी सायकल असलेला माणूसही भाव खायचा. गाडी चालू झाली त्याच दिवशी मी जाहीर केलं, "यंदा भाऊबीज माहेरी, आणि तिथून तसंच पुढे नाशिकला!"

माहेर मोशीच्या पल्याड, इंद्रायणीच्या काठालाच. पूल दुरुस्तीला काढलेला, म्हणून मोटारी तरीने पलीकडे नेत. दोन नावा शेजारी शेजारी बांधून वर फळ्या ठोकलेल्या, ती तर. आमच्या आधी चार गाड्या रांगेत होत्या. हे बाभळीखाली चहा पीत बसले, पण मला कुठला चहा गोड लागतोय! मी काठावर येरझाऱ्या घालत होते, नव्या लुगड्याचा काठ चिखलात लोळत होता आणि मला त्याचं काही नव्हतं.

तरीवर इंजिन चालू करायला नावाड्याची बंदी होती. आठ जणांनी गाडी ढकलून फळ्यांवर चढवली. आत बसलेल्यांनी गाडीतून उतरायचं असतं. मी उतरले नाही.

"बाई, उतरा खाली, पान्याचा भरवसा न्हाई," नावाडी ओरडला.

"बुडाले तर मोटारीत बुडेन!" मी म्हटलं. हे लाजून दुसरीकडे बघायला लागले.

तर सुटली. दोन्ही बाजूंना पाणी आणि मधे मी, गादीच्या सीटवर! मला इतका आनंद झाला की मी उगाचच दोनदा भोंगा वाजवला. पलीकडे ओल्या वाळूतून गाड्या वर ओढायला शेतकरी बैलजोड्या घेऊन उभे होते. त्यांत दादाही होता. मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ताठ बसले. आता वाळूत न रुतता गाडी दिमाखात त्याच्या समोरून जायला हवी होती.

गाडी काठावर उतरली. यांनी हँडल मारलं. काही नाही. परत मारलं. बॉनेट उघडलं आणि कपाळाला हात लावला. गॅरेजातली सवय! गाडी सोडून कुठे बसायचं झालं, की कुणी पळवू नये म्हणून इंजिनातला रोटर काढून ठेवायचा. अंगठ्याएवढा तुकडा, पण त्याच्याशिवाय गाडी चालूच होत नाही. तो फडक्यात बांधून यांनी बाभळीखालच्या दगडावर ठेवला होता. हे धावत परत तरीवर चढले. मी काठावर उभी असताना गाडी कोण चोरतंय, राव!

मी एकटी गाडीत. दादा बैल घेऊन माझ्याकडेच येत होता. आता हा काय बोलेल, याचीच धास्ती. चालत जायचं तर शपथ मोडणार, गाडीत बसून राहायचं तर गावभर हसं. डोळ्यांत पाणी आलं तसं मी दाराला हात घातला.

"उतरू नगंस," दादा म्हणाला. "मोटारीतनंच येनार म्हनली हुतीस न्हवं? बस. पाव्हणं येतील मागनं."

त्याने गाडीला दोर बांधला, जू आवळलं. वाळू चढून गाडी गावाच्या वाटेला लागली तरी त्याने दोर सोडला नाही. तीन वर्षांत त्याचे केस कानाशी पिकले होते, ते मला मागून दिसत होते. वेशीपाशी माणसं जमली. कुणीतरी ओरडलं, "आरं, मोटारीला बैल?"

"बैल माझं हायती," दादा मोठ्याने म्हणाला, "पन मोटार माझ्या भनीची हाय. सरका बाजूला!"

मी काच खाली केली आणि भर रस्त्यात, सगळ्यांसमोर, हुंदके देऊन रडले.