समुद्रफूल तपासणारा हेडी

विट्यात माझा दातांचा दवाखाना आहे. रुग्णांचं मन रमावं म्हणून बाहेरच्या खोलीत मी खाऱ्या पाण्याची माशांची टाकी ठेवली आहे. मागे तिच्यातलं समुद्रफूल, म्हणजे दगडाला धरून राहणारं सी ॲनिमोन, चार दिवस लोळागोळा होऊन पडलं होतं. ते झोपलंय, असं मी सगळ्यांना सांगत होतो.

अशात वडूजकडचा एक हेडी आला. जनावरांच्या खरेदी-विक्रीत त्याचा जन्म गेलेला. दाढेनं गाल टम्म सुजला होता, तरी तो टाकीपुढे उकिडवा बसला.

"डागदर, ह्ये झाड हाय का जनावर?"

"जनावर," मी म्हणालो.

"मग आदी त्याचं बगू. माजी दाढ कुटं पळती?"

त्यानं बाही सारून सरळ पाण्यात हात घातला आणि म्हशीची कास चाचपावी तसं ते फूल चाचपलं. "तोंड वासलंय. बोटाला चिकटत न्हाई. पायानं दगूड सोडलाय." मग त्यानं बोटं हुंगली. "कवाच गेलंय. भायेर काढा, न्हाईतर पानी नासून मासं बी मरतील."

मी ते बाहेर काढलं. खोलीभर घाण वास सुटला. हेड्यानं टोपी काढली, तशी बाकावरची माणसंही गंभीरपणे उभी राहिली.

"चला, आता दाढ बघू," मी म्हणालो.

"आज न्हाई. तुमच्यात मयत झालंय. तिसरा झाला की येतो."

मासे वाचले. चौथ्या दिवशी तो खरंच आला, दोन्ही हातांनी गाल धरून.