गठाणीतली पत्रकं

धुळ्याहून गंगाचं कार्ड आलं. ‘नाना गेले. तुमची एक वस्तू आमच्याकडे आहे, घेऊन जा.’ मी छापखान्यात उभाच राहिलो... नव्या पत्रकाची शाई अजून ओली होती.

गंगाचे वडील उखानाना जळगावच्या एका कापूस-प्रेसमध्ये खुंदणारे होते. खोल लाकडी पेटीत उतरायचं, वरून कापूस कोसळत राहायचा आणि नाना तो पायांनी दाबत राहायचे, नाकातोंडात तंतू जात. पेटी भरली की कापसाबरोबर वर यायचं, दाबलेल्या कापसाचा गठ्ठा, म्हणजे गठाण, बांधली जायची, आणि पुन्हा रिकाम्या पेटीत उतरायचं. आमचा कापूस न्यायला गोऱ्यांनी आमच्याच शेतांतून रूळ टाकायचे, त्याचं कापड करून आम्हालाच विकायचं आणि वर याला सुधारणा म्हणायचं, असं मी तावातावाने सांगायचो. नाना नुसते हसायचे. ‘‘बठ्ठा कापूस विलायते जास भाऊ, मी तेवढा आठेच ऱ्हास, या पेटीमां.’’

‘‘सोडा हे काम,’’ मी म्हणायचो.

‘‘काम सोडं का खोली जास. खोली प्रेसनी शे. पोरले संगे लई कोठे जाऊ?’’

गंगाचं लग्न व्हायचं होतं. माझ्याकडे गोऱ्या सरकारविरुद्ध मी छापलेली पत्रकं होती. ती मी नानांना वाटायला दिली. नानांना अक्षरओळख नव्हती. ‘‘यामां तुनं नाव कोठे शे?’’ त्यांनी विचारलं. मी ऐटीत तळाच्या ओळीवर बोट ठेवलं.

नानांनी ती वाटली नाहीत. खुंदता खुंदता गठाणीत घातली. कळलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. ‘‘नाना, गोऱ्याला मराठी वाचता येतं का?’’

‘‘मंग इंग्रजीमां लिखनं व्हतं ना! ज्याले सांगनं शे, त्याना घरच धाडं मी.’’

मुंबईत एक गठाण फुटली, पत्रकं सापडली. गठाणीवरच्या खुणेवरून प्रेस कळली. पोलिसांनी खुंदणाऱ्यांना ओळीत उभं केलं, तेव्हा नाना आपणहून पुढे झाले. कोणी दिली, पोलिसांनी विचारलं. ‘‘रस्तामां सापडनात.’’ मी फाटकाबाहेर गर्दीत होतो. ‘ती माझी’ एवढंच म्हणायचं होतं... म्हणालो नाही. नानांचं काम गेलं, खोलीही गेली; संध्याकाळी गंगा भांडीकुंडी घेऊन रस्त्यावर बसली होती आणि मी ‘शूर कामगार’ या मथळ्याचा लेख लिहीत होतो. पत्रकावर नाव छापलेलं असून पोलीस माझ्याकडे का आले नाहीत, याचा विचारही मी केला नाही. सुटलो, एवढंच कळलं.

पुढे गंगाचं लग्न धुळ्याला झालं, नाना तिच्याकडे राहिले. शेवटचे भेटलो तेव्हा त्यांना खोकल्याने बोलवत नव्हतं. गोधडीखाली पाय मात्र हलत होते, एकामागून एक, पेटीत हलावेत तसे.

परवा गंगाने पत्र्याचा डबा पुढे केला. आत कागदाच्या बोटभर रुंद पट्ट्या, कापसाच्या तंतूंत गुंतलेल्या. प्रत्येक पट्टीवर माझं नाव. गठाणीत घालण्याआधी नानांनी प्रत्येक पत्रकाचा तळ फाडून घेतला होता.

‘‘मला वाचवायला?’’ मी विचारलं.

‘‘ते माले माहीत नही, भाऊ,’’ गंगा म्हणाली. ‘‘नाना म्हनेत, मानूसनं नाव शे, त्यावर पाय कसा देवाना?’’