पहिला मासा पाण्याचा

"आज बी मुंडकंच का रं?"

"मुंडकंच."

"बघू की."

धोंडीरामनं दोरी वर धरली. गळाला मरळीचं डोकं लोंबत होतं. कल्ल्यापर्यंत शाबूत, खाली काय न्हाय. जबडा अजून हलत होता.

"दात बघ कसं बसल्यात," निंगप्पा वाकून म्हणाला. "नीरनायीच ही. पाण्यातलं कुत्रं."

"पाणमांजर म्हण."

"तुमच्यात मांजर, आमच्या कन्नडात कुत्रं. खाणारं त्येच की."

"तू बघितलंस व्हय डोळ्यानं?"

"मी कशाला बघू? मी मासं खात न्हाय."

निंगप्पाच्या गळ्यात लिंग. उसाला पाणी द्यायला, मोटार सुरू करायला तो रोज भीमेच्या काठी यायचा. माशाला त्याचं बोट लागायचं नाही, पण माशाच्या धंद्यातला सल्ला मात्र न मागता मिळायचा.

धोंडीराम भोयाच्या घरचा. बापाची होडी पुरात गेली, तेव्हापासून बंधाऱ्याच्या फुगवट्यात तो ट्रॅक्टरच्या ट्यूबवर फळी आवळून बसतो. हातात दोन फळकुटं, पाय पाण्यात. ज्या पाण्यात काहीतरी मरळीचं धड एका घासात तोडत होतं, त्याच पाण्यात ह्याच्या पोटऱ्या. पोटऱ्यांना अजून कुणी विचारलं नव्हतं. बायको सोजरबाई म्हणायची, "त्यात खाण्याजोगं काय हाय?"

तसे चार मासे गेले तर धोंडीराम शिवी देऊन मोकळा होणारा माणूस. पण ह्या खेपेला मरळ अख्खी पाहिजे होती. पोरगी, अक्षता, पहिल्या बाळंतपणाला आली होती. सोलापूरला ऑपरेशन करून पोरगी झाली, कालच दोघींना रिक्षातून घरी आणलं होतं. उद्या पाचवी. ह्या घरात पाचवीला सटवाईपुढं मरळ मांडतात, डोक्यापासून शेपटीपर्यंत एकसंध, आणि ती बाळाच्या आईच्या बापानं स्वतःच्या गळानं धरलेली लागते. सटवाई पोराचं कपाळ लिहायला येते, तिला आधी ती दाखवायची. मग तीच शिजवून बाळंतिणीला घालायची.

"सोलापुरातनं आण की इकत," निंगप्पा म्हणाला.

"बाजारची चालत न्हाय."

"मग एक सांगतो, राग मानू नगंस. पयला मासा चिरून कुणाला घालतोस तू?"

"आईला. नदीला."

"आईला दात असत्यात का रं?"

धोंडीराम गळातनं मुंडकं सोडवायला लागला. भोयाची रीत आहे, दिवसाचा पहिला मासा पाण्याचा. चिरायचा, रक्तासकट सोडायचा, 'घे आई' म्हणायचं, आणि मगच आपलं पोट बघायचं. आज्यानं केलं, बापानं केलं, ह्यानंही कधी चुकवलं नाही. आता त्याच्या ध्यानात आलं. उन्हाळ्यापासून रक्त सोडलं की थोड्या वेळानं पाणी हलायचं. आईनं घेतलं म्हणून हा तिथंच हात जोडायचा.

घरी आल्यावर त्यानं म्हाताऱ्या आईला विचारलं. बजाबाई चुलीपुढं शेकत बसलेली.

"एक दिवस न्हाय दिलं तर?"

"खुळा हाईस का? दिल्याबिगर तिच्यात गळ टाकायचा व्हय?"

"आवं, द्या सोडून एक दिवस," सोजरबाई मधीच बोलली. "आई काय उपाशी मरत न्हाय. पोरीला टाकं पडल्यात."

रात्रभर तो कूस बदलत राहिला.

पाचवीच्या दिवशी पहिला मासा लागला, चिलापी. त्यानं ती चिरली नाही, पिशवीत घातली. पाण्याकडं बघत राहिला. काय झालं नाही. ऊन चढलं तसा जीव जरा खाली बसला. गळाला जिता बेडूक लावून त्यानं पाण्यावर पसरलेल्या वेलीच्या कडेला सोडला, आणि दोरी एकदम तटली.

मरळच. हाताला कळतं. त्यानं घाई केली नाही, ढील दिली नाही, हातावर हात ओढत आणली. काळी पाठ दिसली. पांढरं पोट दिसलं. दोन हात राहिले, आणि दोरीला आडवा हिसका बसला. माशाचा नव्हे, तो दुसराच होता. ट्यूब गर्रकन फिरली. मग दोरी हलकी झाली.

"सोड भाड्या!" म्हणून त्यानं फळकुटानं पाणी बडवलं. खाली बघितलं तर चहासारखं गढूळ पाणी, त्यात त्याचंच तोंड.

मुंडकं वर आलं.

त्यानं जागा बदलली. दोरी जाड लावली. खालच्याला बुजवायला ताट वाजवलं. पाय फळीवर घेऊन बसला तर ट्यूब कलंडायला लागली, परत खाली सोडले. दुसरी मरळ लागली, तिचंही तेच. कुणाशी भांडावं तर कुणी दिसत नाही. दिवस कलला तेव्हा त्यानं ट्यूब काठाला लावली.

दिवे लागायच्या वेळेला सोजरबाईनं पाटावर ते मुंडकं ठेवलं. मागं पळसाचं पान असं मांडलं की धड पानाखाली आहे असं वाटावं.

"काढ त्ये पान," बजाबाई म्हणाली. "सटवाई काय आंधळी हाय?"

पान काढलं. अर्धं लिहितीया का काय कपाळ, असं काहीतरी म्हातारी पुटपुटली. अक्षतानं बाजेवरून मान उचलली.

"आण्णा, एवढीच?"

"एवढीच गावली, बाय."

बाळ शिंकलं. धोंडीराम उंबऱ्यात जाऊन बसला, पाठ आत आणि तोंड बाहेर. मागं चुलीवर मुंडक्याचं कालवण रटरटत होतं. अक्षतानं ते खाल्लं, हाडं चोखून खाल्लं.

सकाळी तो ट्यूब खांद्याला अडकवून काठावर आला. निंगप्पाची मोटार चालू होती.

"मग, आज देणार का न्हाय?"

धोंडीरामनं ट्यूब पाण्यात ढकलली. आत जाऊन गळ सोडला. पहिली चिलापी लागली. सुरी काढली. बराच वेळ ती हातातच राहिली. मग मासा चिरला आणि सोडला.

"घे," एवढंच म्हणाला.

रक्त पांगलं. खालून बुडबुड्यांची एक ओळ आली, ट्यूबखालून गेली आणि पलीकडं निघाली. त्यानं पाय वर ओढले, पुन्हा खाली सोडले. डब्यातून बेडूक काढला आणि गळाला लावायला घेतला.