सहा वाजता उघडणारं दुकान

फिदालियाच्या पहिल्या अल्बमला लोकांनी डोक्यावर घेतलं होतं. दिल्लीच्या एका समीक्षकाने तिला ‘धुक्यातला आवाज’ करून टाकलं, आणि पुढची चार वर्षं ती जिथे गायला जाईल तिथे धुकं तिच्या आधी पोचायचं. दुसरा अल्बम आला तेव्हा मात्र धुकं दोनच गाण्यांत उरलं होतं. बाकी सगळा शिलाँगमधल्या तिच्या मावलाईचा चढ, नळावरची भांडणं आणि आईचं भाताचं दुकान. दिल्लीकरांनी नाकं मुरडली. एकाने विचारलं, डोंगर कुठे गेले? दुसऱ्याने लिहिलं, गायिका आता घरगुती झाली आहे. जसं काही आधी ती झाडावर राहत होती.

त्यांचं तिने फारसं मनाला लावून घेतलं नाही. ती गायची खासीत, आणि त्यांना खासीचा एक शब्द कळत नव्हता. शब्द न कळता जे डोक्यावर घेतात ते तसेच खालीही ठेवतात, एवढी अक्कल चौतिसाव्या वर्षी येते. तिचा जीव टांगणीला लागला होता तो बाह वानफ्रांग यांच्या मतासाठी; बाह म्हणजे इकडचं ‘दादा’. निवृत्त शाळामास्तर, इथल्याच वर्तमानपत्रात दर शनिवारी गाण्यांवर लिहायचे, आणि शिलाँगमधले भलेभले गवई त्यांना टरकून असायचे. फिदालियाने ठरवून टाकलं होतं, बाह वानफ्रांगनीही नापास केलं तर गाणं बंद. घरातली धाकटी लेक ती, त्यामुळे खासी रीतीप्रमाणे घर, आई आणि दुकान तिच्याच वाट्याला. तेवढं सांभाळायचं आणि गप्प बसायचं.

गुरुवारी दुपारी खुद्द बाह दुकानात जेवायला आले. डुकराच्या मटणात शिजवलेला जादोहचा भात चवीने खाल्ला, चटणी दोनदा मागून घेतली, अल्बमबद्दल चकार शब्द काढला नाही. निघताना फिदालियाने रिवाजाप्रमाणे क्वाय पुढे केलं, ओली सुपारी आणि चुना लावलेलं पान. इकडे वैऱ्याच्या घरचं क्वायसुद्धा कुणी नाकारत नाही. बाहंनी बशी हलकेच परत सारली. “आज नको,” म्हणाले आणि छत्री घेऊन चालू लागले.

परत सारलेली बशी सगळ्या दुकानाने पाहिली. कोपऱ्यात बसलेला टॅक्सीवाला किटबोक गप्प बसणाऱ्यातला नव्हता. तिला तो काँग म्हणायचा, म्हणजे ताई.

“काँग, गेलं तुझं गाणं. तोंडात सगळे दात असलेला माणूस क्वाय नाही म्हणतो, म्हणजे शनिवारी तो तुलाच चावणार.”

लोक हसले. फिदालियाही हसली, पण तोंडदेखलं. शुक्रवारी भातात दोनदा मीठ पडलं.

शनिवारी पेपर आला. तिने तो उभ्या उभ्याच उघडला. पहिलीच ओळ होती: ‘गुरुवारी मी या गायिकेच्या हातचं क्वाय घेतलं नाही. भाताचे पैसे मोजले होते, क्वायचे मोजता येत नाहीत. ज्या घरचं क्वाय खाल्लं त्या घराविरुद्ध जीभ वळत नाही, आणि मला ती मोकळी हवी होती.’

पुढे ती खरोखरच मोकळी सोडली होती. धुक्याची दोन्ही गाणी पाहुण्यांसाठी लिहिलेली. नळाचं गाणं नळासारखंच, बंद होता होत नाही. मग दुकानाचं गाणं आलं, आणि मास्तरांचा सूर बदलला. आपल्या माणसांवर इतकं चांगलं गाणं आपण फार वर्षांत ऐकलेलं नाही, असं त्यांनी सरळ लिहिलं होतं. फिदालियाचा श्वास जरा मोकळा झाला, तोच पुढचं आलं: ‘पण त्यात एक ओळ खोटी आहे. आई सहा वाजता दुकान उघडते, असं ती गाते. सहाला मावलाईचे टॅक्सीवाले जेवून गुवाहाटीच्या वाटेला लागलेले असतात. सहाला आई नाही, गायिका उठते. तिने हे गाणं पुन्हा लिहावं. तिला जमेल, म्हणून सांगतो.’

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढ्या मोठ्या अल्बममध्ये म्हाताऱ्याला घड्याळ सापडलं! पेपर आपटून ती आईकडे वळली.

“मेई, दुकान किती वाजता उघडतेस गं तू?”

आई कांदा चिरत होती. तिने मान वर केली नाही.

“साडेचारला चूल पेटते. तुझ्या जन्माच्या आधीपासून. हे विचारायला तुला पेपर लागला?”

आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. फिदालियाला स्वतःची लाज वाटली. राग कुठल्या कुठे गेला.

सोमवारी ती चारला उठली आणि आईच्या मागोमाग चढ उतरून दुकानात आली. तिला दारातच थांबवून आईने चूल पेटवली, भांडं चढवलं, तांदूळ परतायला घेतले, आणि अगदी हळू आवाजात गायला लागली. फिदालिया उंबऱ्यावर खिळून राहिली. चालींच्या शोधात ती कुठे कुठे हिंडली होती. ही चाल तिच्या अंथरुणापासून चाळीस पायऱ्या खाली रोज चालू होती, आणि ती रोज झोपलेली होती.

“मेई, हे कोणाचं गाणं?”

“कोणाचं कशाला असायला हवं? भात शिजेपर्यंतचं आहे.” आईने डाव तिच्या हातात दिला. “ये, ढवळ. आणि मला मोठ्याने गायला सांगू नकोस.”

फिदालिया ढवळू लागली. दुसऱ्या ओळीला तिने आवाज मिळवला आणि तिसरीला घसरली.

“चुकलीस,” आई म्हणाली. “पुन्हा म्हण.”

तिने पुन्हा म्हटलं.