काकांनी शिकार का सोडली

काका गेल्याचा निरोप शेजारच्या घरी आलेल्या फोनवरून कळला. मी कॉलेजला शिकवायला निघण्याच्या घाईत होते. शेजारच्या वहिनींनी खिडकीतूनच हाक मारली, "जिंतूरहून फोन होता. तुमचे काका..." नांदेडहून परभणीपर्यंत बस मिळाली. पुढे मात्र नामांतराच्या मागणीसाठी बंद होता, जिंतूरकडे एकही गाडी सोडत नव्हते. परभणीच्या स्टँडवर मी दुपार उलटेपर्यंत बसून राहिले. रडू आलं नाही. खूप दिवसांची झोप बाकी असावी तसं अंग जड झालं होतं, एवढंच आठवतं. चारठाण्याच्या अलीकडच्या आमच्या गावी पोचले तेव्हा सगळं आटोपलेलं होतं आणि माणसं अंगणात गुडघे जवळ घेऊन बसली होती. मी त्यांच्यामधून वाट काढत आत जाताना कुणीतरी शेजारच्याला सांगितलं, "हीच ती पुतणी. हिच्यापायीच शिकार सोडली मुरलीधरनं."

हे वाक्य मी तेराव्या वर्षापासून ऐकत आले आहे. लग्नाकार्यात ऐकलं, बारशात ऐकलं, मला बघायला आलेल्या पाहुण्यांसमोरही ऐकलं. 'आमची पोरगी लय हळवी, तितर मरताना बघवलं नाही तिला, रडून काकाची बंदूकच खाली ठेवायला लावली.' ताटातला मटणाचा रस्सा ओरपताना मी ते ऐकून घेत असे. काकाही तिथेच असत. ते मान खाली घालून भाकरी कुस्करत राहत. त्या दिवशी अंगणात मात्र त्या वाक्यानं मला फार थकवलं. खरी गोष्ट माहीत असणारी आम्ही दोघंच होतो, आणि आता मी एकटी उरले होते.

ज्या वर्षी विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला, त्या वर्षीची ही गोष्ट. औरंगाबादला मी कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात राहत होते. पालकांनी आपापल्या मुली घरी नेल्या. बाबांची बँकेतली बदली दूर झाली होती, म्हणून त्यांनी मला काकांकडे आणून सोडलं. शेजारच्या एका गावात घरं जळाली होती. त्याबद्दल माझ्यासमोर कुणी बोलत नसे. काकाही बोलले नाहीत, आणि मी विचारलं नाही. परवान्याच्या बंदुका पोलिसांनी ठाण्यात जमा करून घेतल्या होत्या, त्यात काकांची बाराबोरही गेली होती. वातावरण निवळलं की परत देऊ असं सांगितलं होतं. दिवाळी झाली, कापसाची वेचणी सुरू झाली, तुरी डोक्याच्या वर गेल्या, तरी बंदूक आली नव्हती. आता कायद्यानं सगळंच बंद आहे, पण तेव्हा तितराच्या शिकारीचा परवाना मिळत असे, आणि काका नि बशीरभाई दर हिवाळ्यात न चुकता जात. बशीरभाईंची जिंतूरला लाकडाची वखार होती. दोघं निजामाच्या काळात एका शाळेत उर्दू शिकलेले. रविवारी बशीरभाई राजदूत मोटारसायकलवरून येत, चहा पीत, आणि बंदूक नसल्याबद्दल दोघं मिळून हळहळत.

मी त्या घरात कुणाशी बोलत नसे. माझं मराठी पुस्तकी होतं आणि त्याला सगळे हसत. एका रविवारी काका एकदम म्हणाले, "या बारीला हिला बी नेऊ."

काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "पोरीच्या जातीला शिकारीवर? डोकं फिरलं का तुमचं?"

"गप बसून राहाती ती. शिकारीला दुसरं काय लागतंय?"

बशीरभाई हसले. "हौ, ये बात बराबर है. तेरे से तो ज्यादा गप बैठेगी."

मला कुणी विचारलं नाही. पण कुठेतरी मी हवी आहे, असं त्या वर्षात पहिल्यांदाच कुणी म्हटलं होतं. मला जायचं होतं, फार मनापासून जायचं होतं.

मग तयारी सुरू झाली. पहिल्या दिवशी मी शाळेचा लाल स्वेटर आणि पांढरे कॅनव्हासचे बूट घालून अंगणात उभी राहिले. काकू म्हणाल्या, "नवरीच नटली माय." काकांनी बुटांकडे बघितलं. "पांढरेफेक! तितर ऱ्हाऊ दे, आभाळातलं इमान उतरंल हे बघून." त्यांनी स्वतः वाफ्यातला काळा चिखल घेऊन माझ्या बुटांना फासला. स्वेटर जाऊन काकूंची जुनी तपकिरी शाल आली. तुरीतून चालताना खांदा आधी घालायचा, म्हणजे शेंगा खुळखुळत नाहीत. वाळलेल्या पानावर टाच टेकवायची नाही. खोकला आला तर शालीचा बोळा तोंडात. बंदूक ठाण्यात होती म्हणून काका सराव छत्रीनं करत. तुरीच्या कडेनं वाकून चालणारे काका, खांद्याला लावलेली काळी छत्री, आणि मागे शाल पांघरलेली मी... बशीरभाईंनी एकदा हे बघितलं आणि बांधावर बसकणच मारली. "मुरली, छत्री का लैसन है ना रे तेरे पास?"

संध्याकाळी आम्ही दोघं विहिरीजवळ बसायचो. तितर उजेड कमी होताना बोलतात. काकांनी मला खुणा शिकवल्या. आवाज उजवीकडून आला तर त्यांच्या उजव्या कोपराला बोट लावायचं, डावीकडून आला तर डाव्या, समोरून आला तर दंड धरायचा. तोंडानं काही बोलायचं नाही. मला वाटायचं, ही माझी परीक्षा चालली आहे. मी अचूक सांगायचे आणि ते मान हलवायचे. त्या मान हलवण्यासाठी मी दिवसभर संध्याकाळची वाट बघायचे.

एका संध्याकाळी तितर अगदी आमच्या पाठीमागे बोललं. इतक्या जवळ की मी दचकले, आणि मागून आलेल्या आवाजाची खूण कोणती हे मला आठवेना. ते पुन्हा बोललं, मग पुन्हा, आख्खा बांध दुमदुमेल असं. काका शांतपणे माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. थोड्या वेळानं त्यांनी तांब्यातलं पाणी पिऊन तोंड पुसलं. "आज गप हायत लेकाचे," ते म्हणाले.

मी "हो" म्हटलं. तितर अजून ओरडतच होतं.

माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असणार. घरी परतताना ते वाटेत थांबले. "कळलं तुला?"

मी मान हलवली.

"बार उडवू उडवू कान गेलेत. माणसाचं बोलणं तोंड बघून कळतंय, पाखराचं न्हाई कळत. बशीरला बोलू नगंस. त्याला कळलं तर तो मला बरोबर न्यायचा न्हाई. त्याचं बी खरं हाय." मग जरा थांबून म्हणाले, "तू हायस तवर जमंल."

त्याचं खरं का होतं, ते मला माहीत होतं. दोघं वावराच्या दोन कडांनी चालत. तूर उंच, माणूस दिसत नाही. म्हणून बशीरभाईंचा नियम होता, पाटी, म्हणजे तुरीचा पट्टा, ओलांडायच्या आधी हाक द्यायची. हाक ऐकली की दुसऱ्यानं बंदुकीची नळी जमिनीकडे करायची. त्या नियमावर दोघांचा जीव होता. तरीही मी कुणाला काही बोलले नाही. बोलले असते तर काकांचा हिवाळा गेला असता, आणि मला वाटत होतं की माझे कान त्यांना पुरतील.

संक्रांतीच्या सुमारास बंदूक आली. काकांनी ती उन्हात घोंगडीवर ठेवून पुसली, सळईला चिंधी बांधून नळीतून फिरवली, तेल लावलं, मला नळीतून आभाळ बघायला लावलं. काकूंनी तिळाच्या भाकरी आणि ठेचा बांधून दिला. सकाळी आम्ही निघालो तेव्हा तुरीवर दव होतं आणि माझी शाल पहिल्याच पाटीत भिजली. बशीरभाई पलीकडच्या कडेनं गेले. मी काकांच्या मागे एका पावलावर होते. समोर दूर एक तितर बोललं, मी दंड धरला, काका पुढे सरकले. सगळं ठरल्यासारखं चाललं होतं.

तेवढ्यात उजवीकडून हाक आली. "ओ मुरली! आतूँ मैं!"

आणि मला कळलं, या हाकेसाठी आम्ही खूणच ठरवली नव्हती. इतक्या संध्याकाळी आम्ही पाखरांचाच आवाज धरून बसलो होतो. माणसाचा आवाज दोघांच्याही ध्यानात आला नव्हता. माझं बोट सवयीनं त्यांच्या उजव्या कोपराला लागलं. काकांनी ती तितराची खूण समजली. नळी उजवीकडे वळली, वर आली. तुरीत काहीतरी हलत होतं. मी दोन्ही हातांनी नळीला लटकले. माझे पाय जमिनीवरून उचलले गेले, काका रागानं माझ्याकडे वळले, आणि त्याच वेळी तुरीतून बशीरभाईंची टोपी बाहेर आली.

बार उडाला नाही. काकांचा चेहरा मी त्या आधी आणि नंतर कधीच तसा बघितला नाही.

"क्या हुआ रे?" बशीरभाईंनी विचारलं.

काकांनी बंदूक मधून उघडून काडतुसं काढली, खिशात टाकली. "काई न्हाई. पोरीला बघवंना. लटकली बंदुकीला."

बशीरभाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी भिजलेल्या शालीवरून माझ्या डोक्यावर हात ठेवला. "जाने दे, बेटा. पहली बार ऐसाच होता."

आम्ही बांधावर बसून भाकरी खाल्ली. कुणाला भूक नव्हती.

पुढल्या वेळी गावोगावच्या बंदुका जमा झाल्या तेव्हा काकांनी आपली सगळ्यांच्या आधी नेऊन दिली. वातावरण निवळल्यावर बाकीच्यांच्या आल्या, काकांची आली नाही, कारण ते आणायला गेलेच नाहीत. विचारलं की म्हणत, "पुतणीला चालत न्हाई." बशीरभाई एक-दोन हिवाळे एकटे गेले, मग त्यांनीही सोडलं. त्यांच्या रविवारच्या फेऱ्या चालू राहिल्या, पण दोघांत बोलण्यासारखं कमी होत गेलं. काकांना ऐकू येत नाही हे पुढे सगळ्यांनाच कळलं, वय झालं म्हणून लोकांनी ते सोडून दिलं. त्याचा शिकारीशी संबंध कुणी जोडला नाही. मला काकांचा राग येत असे. सुट्टीत आले की ठरवायचे, या खेपेला विचारायचं, माझं नाव का पुढे करता. मग ते स्टँडवर घ्यायला आलेले दिसत, माझी पिशवी हातातून काढून घेत, आणि विचारणं राहून जाई. शेवटची भेट झाली तेव्हा ते खाटेवर पडून होते. म्हणाले, "तितरं बोलायलेत का गं अजून?" मी हो म्हटलं. खरंच बोलत होती. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं ते अजून काहीतरी म्हणतील... पण ते झोपले.

बशीरभाई तेराव्यानंतर आले. आता त्यांना राजदूत झेपत नाही, पुतण्यानं आणून सोडलं. बैठकीच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. ते म्हणाले, "एक बात पूछूँ? उस दिन तू सच में रोई थी क्या? मेरे को तो तेरी आँख में पानी नहीं दिखा था."

आणि मी सांगितलं. विहिरीपासून टोपीपर्यंत, सगळं.

त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी फक्त म्हणाले, "मैं आवाज दिया था."

"दिली होती. मी ऐकली."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं ते स्वतःच्या जिवाचा विचार करत असतील. पण ते म्हणाले, "मेरे को बोलना था ना उसने. बंदूक घर रखके आता. खाली हाथ आता. मैं क्या उसको छोड देता?" ते टोपी हातात फिरवत म्हणाले, "इतने साल... मैं समझा उसका दिल भर गया मेरे से."

हे सगळं मी लिहू का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "लिख. सब मालूम होने दे. तेरे सर से उतार."

निघताना ते दारात थांबले आणि आतल्या दिशेनं जोरात ओरडले, "भाभी, चलता मैं!" काकूंनी आतून तितक्याच जोरात उत्तर दिलं, "च्या घेतला का न्हाई?" आणि मग माझ्या लक्षात आलं की या घरात सगळेच असे बोलतात. काकांना ऐकू जावं म्हणून घसा ताणायची सवय लागली होती. आता ज्यांच्यासाठी ओरडायचं ते नाहीत, पण आवाज खाली आणायचं कुणाच्या ध्यानात आलेलं नाही. काकू बाहेर आल्या, माझ्या अगदी शेजारी उभ्या राहिल्या आणि परसात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "जेवून जाशील ना माय?"

मीही तितक्याच मोठ्यानं हो म्हणाले.