ब्लाउजचे गळे आणि सकाळची सफाई

लग्न होऊन मी बऱ्हाणपूरला आले तेव्हा आमच्या घराच्या पुढच्या खोलीत सासूबाईंचं शिवणकाम चालायचं. दोन मशीन, कापायचं टेबल आणि कोपऱ्यात एक कॉम्प्युटर. त्यात त्यांनी शिवलेल्या शेकडो ब्लाउजचे फोटो माझ्या नवऱ्याने भरून ठेवले होते. गिऱ्हाईक आलं की सासूबाई फोल्डर उघडायच्या, छोट्या चित्रांच्या ओळी दिसायच्या आणि बाई पडद्यावर बोट ठेवून सांगायची, हा गळा.

सासूबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. फोटोखाली काय लिहिलंय याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. चित्र दिसलं की त्यांचं काम झालं.

मी जळगावला कॉम्प्युटरचा सहा महिन्यांचा कोर्स करून आलेली. त्यामुळे घरातली जाणकार मी ठरले, आणि त्याचा मला थोडा ताठाही होता. कॉम्प्युटर आतून स्वच्छ ठेवावा असं कोर्सच्या सरांनी शिकवलं होतं. म्हणून रोज सकाळी चहा झाला की मी सफाईचा प्रोग्राम चालवायचे, समोर दिसेल त्या प्रत्येक चौकोनात टिक करायचे आणि सगळा कचरा गेला की समाधानाने स्वयंपाकाला लागायचे.

मी आल्यावर थोड्याच दिवसांत फोटो रेंगाळायला लागले. फोल्डर उघडला की नुसते कोरे चौकोन. मग वरच्या कोपऱ्यातून एकेक चित्र उगवायचं. पहिली ओळ भरेपर्यंत बायकांचं पाणी पिऊन व्हायचं, दुसरी भरेपर्यंत एकमेकींच्या माहेरची चौकशी. लग्नसराईत फोपनार, निंबोल्याहून बायका घोळक्याने यायच्या, त्यांना परतीची बस गाठायची असायची. एवढी वाट कोण बघणार? जे आधी दिसेल ते पसंत करून त्या मोकळ्या व्हायच्या. आणि सगळ्यांत आधी दिसायचा तो पाठीवरचा, मडक्याच्या आकाराचा मटका गळा.

त्याचा परिणाम आम्हाला निंबोल्याच्या एका लग्नात दिसला. नवरीची आई, दोन मावश्या, आत्या आणि थोरली वहिनी, पाचहीजणींच्या पाठीवर तोच मटका गळा, तीच लेस. एक मावशी पदर पाठीवरून ओढून दिवसभर भिंतीला टेकून बसली होती. सासूबाईंनी पंगतीत मान वर केली नाही. मला मात्र हसू आवरेना, आणि हसल्याबद्दल परतीच्या वाटेवर बोलणीही खावी लागली.

मग मी कामाला लागले. आधी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने कुठलीशी सेटिंग बदलली आणि फोल्डर खरंच झटक्यात उघडला. पण प्रत्येक फोटोच्या जागी तेच एक चिन्ह. सासूबाईंनी शांतपणे विचारलं की यातला पानगळा कोणता. त्याला सेटिंग परत पहिल्यासारखी करावी लागली. कॉम्प्युटरच जुना झालाय, असं सांगून तो गेला.

मग मी फोल्डर वेगळे केले. पाठीचे एकात, बाह्यांचे दुसऱ्यात, लहान मुलींचे तिसऱ्यात. थोडा फरक पडला, पण कोरे चौकोन काही गेले नाहीत. नवऱ्याचं म्हणणं, आई भलतीच बटणं दाबत असेल. मलाही आतून तसंच वाटायचं.

एका दुपारी हातातलं काज पुरं करून सासूबाईंनी सुई पदराला टोचून ठेवली आणि म्हणाल्या, "एक बात सांगू का? तू आठ दिवस माहेरी गेली होती ना, तेव्हा फोटो पटपट येत होते."

मी विचारलं, "मग तेव्हाच का नाही सांगितलं, आई?"

"तुला वाईट लागलं असतं. तू रोज सकाळी त्याच्यापुढे बसते, काहीतरी करते. तू नसली की ते बरोबर चालतं."

वाईट लागलंच. हा सरळ टोमणा आहे असं समजून मी संध्याकाळपर्यंत भांडी आपटत होते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी, त्यांना खोटं पाडायचं म्हणूनच, मी सफाई केली नाही. पहिलं गिऱ्हाईक आल्यावर फोल्डर उघडला. सगळ्या ओळी एकदम हजर. मी बंद करून पुन्हा उघडला, तरी तसंच.

मग मी तो सफाईचा प्रोग्राम उघडून पहिल्यांदाच नीट वाचला. टिक करायच्या यादीत एक ओळ होती, थंबनेल. तेव्हा डोक्यात उजेड पडला. कॉम्प्युटर एवढ्या मोठ्या फोटोंची छोटी चित्रं एकदा बनवतो आणि पुढच्या वेळेसाठी साठवून ठेवतो. मी ती रोज सकाळी कचरा म्हणून फेकत होते, आणि तो बिचारा रोज दुपारी पहिल्यापासून बनवत बसायचा.

सासूबाईंना हे सांगायला मला दिवसभर धीर गोळा करावा लागला. नेहमीच्या बायकांची मापं त्या कागदावर कापून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवून ठेवत. त्यांनी ऐकून घेतलं, त्या कागदांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "म्हणजे मी हे कापून ठेवायचे आणि तू रोज सकाळी झाडून फेकायची."

मी हो म्हटलं. त्या इतक्या हसल्या की त्यांना मशीनवरचा पाय काढून बसावं लागलं. संध्याकाळी नवऱ्याने मावा जिलेबी आणली, आणि त्याला सगळी हकीकत सांगायचा मान त्यांनी मला न देता स्वतःकडे घेतला.

मी ती एक टिक काढून टाकली. सफाईही महिन्यातून एकदाच ठेवली.

त्या उरलेल्या लग्नसराईत भलतीच अडचण झाली. आता शेकडो गळे एकदम दिसायचे, त्यामुळे बायकांचं काही ठरेना. देडतलाईच्या एक काकू दोन मुलींना घेऊन सकाळी आल्या, पानगळा, मग दोरीचा, मग परत पानगळा असं करता करता त्यांची दुपारची बस गेली. पुढची बस यायला वेळ होता. सासूबाईंनी मला कणीक वाढवायला सांगितली. तिघी आमच्याकडेच जेवल्या, आणि जेवताना धाकटी म्हणाली की तिला बाहीसुद्धा बदलायची आहे.