काक्षी आणि स्पिरिटचा बोळा

"पूस ते," मॅडम म्हणल्या.

माझ्या हातात कापसाचा बोळा. स्पिरिटनं ओला. समोर दुर्बीण, आन् तिच्या काचेवरून माझ्या पोरीनं आत्ताच डोळा काढला होता. तिच्या आधी गच्चीवरच्या सगळ्या पोरांनी तिथंच डोळा लावला. एकानं तर नाक पुसत पुसत लावला. तवा कुणी बोळा मागितला नाय. प्रज्ञानं लावला आन् बोळा आला.

"डोळ्यांची साथ आहे ना," मॅडम म्हणल्या. मऊ आवाजात.

प्रज्ञा माझ्याकडं बघत होती. दुसरीला हाय ती. म्हणली, "मम्मी, मी डोळे धुवून आले होते."

मी पुसलं. काय करणार. माझ्याच लेकराचा डोळा मी त्या काचेवरून पुसून काढला आन् बोळा मुठीत दाबून धरला, टाकू कुठं ते कळंना. सर, म्हणजे मॅडमचे मिस्टर, वर आभाळात बघत होते. एवढ्या जवळ उभे होते. वरच बघत राहिले.

गंगापूर रोडच्या त्या बंगल्यात मी झाडूफरशी करायची. माझा कप जिन्याखाली वेगळा होता. ते मी कधी मनावर घेतलं नाय, घेतलं असतं तर काम राहिलं नसतं. सर रिटायर मास्तर, कॉलेजातले. शनिवारी संध्याकाळी गच्चीवर पोरांना तारे शिकवायचे. खुर्च्या लावायला, चहा द्यायला मी. आमच्या ह्यांची सातपूरला कंपनीत सेकंड शिफ्ट असली की पोरीला घरी कुणाजवळ ठेवू, म्हणून ती संग यायची. टाकीला टेकून बसायची गुपचूप आन् सगळं ऐकायची.

मी पण ऐकायची. नववीतून शाळा सुटली माझी, पण सर सांगायचे ते समजायचं. काही तारे एवढे मोठे का आपला सूर्य त्यांच्यापुढं राईएवढा. महाराक्षसी तारे म्हणायचे त्यांना. एवढं झगझगीत जळतात का लवकर संपतात, बारके तारे पुरवून पुरवून जळतात ते टिकतात. अन् ते मोठे फुटतात तवा त्यांच्या पोटातलं सगळं बाहेर उडतं. "तुमच्या रक्तातलं लोखंड अशा ताऱ्यांतून आलंय," सर म्हणले होते, "माझ्याही, तुमच्याही, सगळ्यांच्याच." मला प्रज्ञाच्या वेळची आठवण झाली. रक्त कमी निघालं होतं, अंगणवाडीतल्या लोखंडाच्या लाल गोळ्या खाऊन खाऊन तोंड कडू व्हायचं. मला वाटलं, म्हणजे ते पण ताऱ्याचंच खाल्लं मी. लय बरं वाटलं होतं मला त्या दिवशी. येडी मी.

काक्षी म्हणून तारा हाय, मृगात, तांबडा. महाराक्षसी. मृग मला माहीत होता, घोटीला माहेरी भाताच्या खाचरात उभं राहून बाप दाखवायचा, ते चार पाय अन् हा पोटात घुसलेला बाण. पण त्यातल्या एका पायाला नाव हाय ते इथं कळलं. सरांनी पोरांना घरचा अभ्यास दिला होता, काक्षीचा उजेड कमीजास्त होतो, तर रोज बघा, रोहिणीपेक्षा जास्त हाय का कमी. प्रज्ञाला कुणी दिला नव्हता. तरी ती आमच्या गल्लीत उभी राहायची. तिथं कंपन्यांच्या लायटीनं आभाळ पांढरं पडतं, तर ही खांबाचा दिवा तळहातानं झाकायची आन् दुसऱ्या हाताच्या बोटानं आधी हा दाखवायची, मग तो. "मम्मी, आज काक्षी जास्त." भाकरी थापता थापता मी हं म्हणायची.

बोळ्याच्या दिवसानंतर तिनं बोट वर केलं नाय. मोरीत बसून साबणानं डोळे धुवायची. लाल होईपर्यंत. मी हात धरला तर म्हणली, "अजून थोडं राहिलंय."

तवा माझ्या पोटात काहीतरी फुटलं. रडू नाय आलं. भ्या वाटलं. वाटलं, हे आता हिच्या आत गेलं, आन् ते माझ्या हातानं गेलं.

पुढच्या शनिवारी गच्चीवर गेले तर बोळे अन् बाटली स्टुलावर आधीच मांडून ठेवलेली. पहिला नंबर मॅडमच्या नातवाचा. त्यानं डोळा काढला. मी बोळा घेतला, भिजवला, काच पुसली.

"अगं, आत्ताच काय?" मॅडम म्हणल्या.

"साथ हाय ना मॅडम."

दुसरी पोरगी आली, तिच्या मागून पुसली. तिसऱ्याच्या मागून पुसली. पोरं हसायला लागली, त्यांना खेळ वाटला. मॅडमनी स्वतः बघितलं, त्यांच्या मागून पुसली. सरांच्या मागून पुसली. काम जाणार, ह्यांना काय सांगू, हेच डोक्यात, पण हात थांबंना.

"खाली जा तू," मॅडम म्हणल्या. आवाज मऊ नव्हता आता.

मी म्हणलं, "आधी माझी पोरगी बघंल. मग जाते."

सर पहिल्यांदा खाली बघून बोलले. "बघू दे तिला."

मी हाक मारली. प्रज्ञा टाकीपाशी उभी. हात मागं बांधलेले. डोळे घट्ट मिटलेले.

"नको मम्मी. माझ्यानं घाण होतं ते."

मी बोळा स्टुलावर ठेवला. म्हणलं, उद्यापासून येणार नाय. पोरीला उचललं, एवढी मोठी झालीय तरी कडेवर घेतलं, आन् जिना उतरले. बसमध्ये तिनं तोंड माझ्या खांद्यात खुपसलं ते घर येईपर्यंत.

दुसरं काम अजून लागलं नाय. हे चिडले, मग गप झाले. मी रोज संध्याकाळी गल्लीत उभी राहते, खांबाचा दिवा तळहातानं झाकते आन् मोठ्यानं सांगते, आज काक्षी जास्त, आज दोघं सारखेच. मला येतं तेवढं सांगते, येत नाय ते मोबाईलवर ऐकते अन् परत सांगते. शेजारणी हसतात. हसू दे. प्रज्ञा उंबऱ्यात बसती, मान खाली घालून.

सर म्हणले होते, काक्षी एक दिवस फुटंल. उद्या फुटंल नायतर लाख वर्षांनी. तवा भर दिवसा दिसंल, सगळ्या दुनियेला. दुर्बीण लागणार नाय, कुणाची गच्ची लागणार नाय.

तेवढं मी थांबणार नाय. तिची मान मला त्याच्या आधी वर पाहिजे.